खालचा सेन्सर

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती गुरसराय आणि चिरगाव यांच्या मधे, कामावरून झाशीला परतताना, दुपारी तीनच्या सुमाराला. मे महिना होता. आधी खडखड नाही, धूर नाही, आचके नाहीत. चालता चालता इंजिन गप्प झालं, स्टिअरिंग हाताला जड लागलं आणि मी गाडी कशीबशी कडेला घेतली. किल्ली फिरवली की स्टार्टर घरघरत होता, पण इंजिन काही धरत नव्हतं. बोनेट उघडलं. आत काय बघायचं हे मला माहीत नव्हतं, पण रस्त्याकडेला उभ्या बाईनं बोनेट उघडलेलं असलं की जाणारे लोक फार चौकशा करत नाहीत. दीड तास बाभळीच्या विरळ सावलीत उभी राहिले. मग पुन्हा किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली, जशी काही मीच उगाच थांबले होते.

घरी पोचायला साडेपाच झाले. मामंजी घरात नव्हते.

मामंजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे अजून हाच शब्द आहे. पुण्याकडच्या लोकांना तो नाटकातला वाटतो. वय चौऱ्याऐंशी. सगळी नोकरी इथल्या डिझेल शेडमध्ये, रेल्वेच्या इंजिनांखाली वाकून. माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी शिकायला बाहेर, तेव्हा घरात आम्ही दोघंच. त्यांच्याजवळ बसणारी बाई दोन वाजता जाते. दोन ते चार ते झोपतात आणि चारला मी येते, अशी घडी बसलेली होती. त्या दिवशी मी चारला आले नाही, म्हणून ते मला बघायला बाहेर पडले आणि दतिया गेटजवळ एका कापडवाल्याच्या दुकानापुढच्या बाकावर बसलेले सापडले. कापडवाल्यानं त्यांना पाणी दिलं होतं. मला म्हणाला, "भाभीजी, बाबूजी जाने कौन-सी बोली बोल रहे थे. हमने कहा, बैठो पहले."

ती बोली मराठी होती. मामंजींचा जन्म झाशीतला, शेडमध्ये चाळीस वर्षं हिंदी आणि बुंदेली, शिव्यासुद्धा बुंदेलीतच. पण गेल्या वर्षभरात त्यांची हिंदी मागं सरकत चालली होती. दूधवाल्याला म्हणायचे, "उद्या अर्धा लिटर जास्त." दूधवाला माझ्याकडे बघायचा. मी हिंदीत सांगायचे. मामंजींना आपण काही वेगळं बोललो हे कळायचं नाही, आणि मी ते त्यांना सांगायचीही नाही. सांगून काय होणार होतं?

वन्सं, म्हणजे माझी नणंद, पुण्याला असतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं आणि चुकीचं नव्हतं. मी गरौठ्यात, नोकरीजवळ, खोली घ्यावी, आठवडाभर तिथं राहावं, आणि बाबांना त्या पुण्याला नेतील. मामंजींना जायचं नव्हतं. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "तिथं सगळेच मराठी बोलतात. भांडायला मजा नाही." थट्टा वेगळी, पण जायचं नव्हतं हे खरं होतं. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून लांबून इंजिनांच्या शिट्ट्या ऐकू यायच्या आणि ते पेपर वाचता वाचता कुठली गाडी लेट आहे ते सांगायचे. पुण्याच्या सातव्या मजल्यावर त्यांनी काय सांगायचं?

मी वन्संना म्हटलं होतं, गाडी चालते आहे तोवर बघू. आता ती चालत नव्हती.

गाडीशिवाय माझं काही होत नाही, हे सांगायला हवं. गरौठ्याच्या बाजूच्या एका गावात सरकारी दवाखान्यात मी औषधं देते. सकाळी आठला खिडकी उघडायची, म्हणजे घरून सव्वापाचला निघायचं. बसनं दोन ठिकाणी बदलून साडेतीन तास लागतात, तेही बस मिळाली तर. खिडकी उघडायच्या आधीपासून बायका रांगेत बसलेल्या असतात, कुणाच्या कडेला तापानं फणफणलेलं मूल. मी नसले तर त्या खिडकीवर दुसरं कुणी नाही. बदलीचा अर्ज केलेला होता. तो कुठंतरी होता. नवे डॉक्टर तरुण आणि शिस्तीचे. त्यांनी एकदा समज दिली होती, की यानंतर उशीर झाला तर लेखी विचारावं लागेल. मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडी कानपूर रोडवरच्या मेकॅनिककडे नेली. हा माणूस माझ्याच वयाचा, कमी बोलणारा, आणि कुठल्याही प्रश्नाला आधी बुंदेलीत "हओ", म्हणजे हो, म्हणणारा. त्यानं आधी पेट्रोलचा पंप बघितला. तो ठीक होता. मग छोटं यंत्र गाडीला जोडलं, त्यावर आलेली ओळ वाचली, आणि म्हणाला, टायमिंगचा घोळ आहे. वरचा आणि खालचा यांचं जुळत नाहीये.

मला अर्धवट ऐकून पैसे द्यायची सवय नाही. मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, समजावून सांगा. त्यानं सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते.

इंजिनात खाली एक जाड दांडा फिरतो. सगळे पिस्टन त्यालाच जोडलेले. वर दुसरा दांडा, तो झडपा उघडतो आणि मिटतो. खालचा दोनदा फिरला की वरचा एकदा फिरतो. ठिणगी कुठल्या क्षणी पडायची आणि पेट्रोल कधी सोडायचं हे आता कॉम्प्युटर ठरवतो, पण कॉम्प्युटरला काही दिसत नाही. म्हणून त्याला दोन सेन्सर दिलेले असतात. खालचा सेन्सर एका दातेरी चाकाशेजारी बसतो. एकेक दात समोरून गेला की तो एकेक ठोका कळवतो. त्या चाकाचे दोन दात मुद्दाम केलेलेच नसतात. ती मोकळी जागा आली की कॉम्प्युटरला कळतं, चाक आत्ता नेमकं कुठं आहे. पण पिस्टन एकदा वर येतो तो पेटण्यासाठी आणि एकदा वर येतो तो धूर बाहेर ढकलण्यासाठी, आणि यातलं आत्ताचं कुठलं ते खालच्याला सांगता येत नाही. ते वरचा सेन्सर सांगतो. दोघांचं जुळलं की काम चालतं.

"और नहीं मिला तो?" मी विचारलं.

"तो आप यहाँ बैठी हैं मैडम," तो म्हणाला.

त्याला वरच्याचा संशय होता. या गाड्यांमध्ये वरचाच जास्त जातो, म्हणाला, आणि पार्ट ग्वाल्हेरहून मागवायला लागेल. रविवारपर्यंत येईल, तोवर जपून चालवा. जपून म्हणजे कसं हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

संध्याकाळी भाजी निवडताना मी हे सगळं मामंजींना सांगितलं. सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून. हल्ली ते माझ्या बोलण्याला मान हलवायचे आणि पाच मिनिटांनी तेच पुन्हा विचारायचे. पण त्या दिवशी त्यांनी पेपर खाली ठेवला. शेडमध्ये टायमिंग कसं बघायचे ते त्यांनी मला सांगितलं. दोन माणसं लागायची. एक जण पहारीसारखा दांडा घालून बंद इंजिन हातानं तसूतसूनं फिरवायचा, दुसरा वाकून चाकावर कोरलेल्या अंशांच्या खुणा बघत राहायचा. खूण काट्यासमोर आली की "बस" म्हणायचं. एका खुणेनं पुढं गेलं तर पुन्हा सगळं उलटं आणून पहिल्यापासून.

"म्हणजे वाकून बघणारा माणूस त्यांनी आतच बसवून टाकला," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आणि नसलेल्या दातांवरून त्याला सगळं कळतं म्हणतेस?"

"हो. दोन नसतात."

"माझे सहा नाहीत. मला काही कळत नाही."

ते स्वतःच हसले. मग एकदम विचारलं, की गाडी बंद पडते आणि तू स्टार्टर मारतेस, तेव्हा तो फेऱ्यांचा काटा हलतो का? मी म्हटलं, कुठला काटा? ते म्हणाले, डाव्या हाताचा, फेऱ्या दाखवणारा. मी कधी बघितलंच नव्हतं. बघ म्हणाले. मी हो म्हटलं आणि विसरून गेले. ते अधूनमधून असं काहीतरी विचारत असत. परवा त्यांनी मला विचारलं होतं, की वाफेची इंजिनं अजून गरौठ्याला जातात का. गरौठ्याला कधीच गेली नव्हती.

तीन दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडली, परततानाच, बेतवेचा पूल ओलांडल्यावर. या वेळी आठवलं. स्टार्टर मारताना डावीकडे बघितलं. काटा शून्यावर आडवा पडलेला. इंजिन घरघरत फिरतंय आणि काटा जागचा हलत नाही. घरी पोचायला सहा झाले. मामंजी फाटकाला धरून उभे होते, बाहेर पडलेले नव्हते. शेजारणीनं कडी लावून ठेवली होती.

"काटा हलत नाही," मी चपला काढता काढता म्हटलं.

"मग खालचा," ते म्हणाले. "वरचा नाही. फेऱ्या कोण मोजतं? दात मोजतो तो. इंजिन फिरतंय, पण ते फिरतंय हेच गाडीला समजत नाही. आत बारीक तारेचं वेटोळं असेल, कुठंतरी तुटलेलं. थंड असताना टोकाला टोक लागतं. तापलं की सुटतं."

एवढं सलग बोलणं मी त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. खरं असेल का, हा प्रश्न होताच. या माणसाला आज कोणता वार हे सांगता येत नव्हतं. पण मेकॅनिकलाही नक्की ठाऊक नव्हतं, आणि दोघांत मला मामंजींचं जास्त पटलं, कारण त्यांनी कारण दिलं होतं.

शनिवारी संध्याकाळी गाडी गॅरेजला सोडून रिक्षानं घरी आले. रविवार हा माझा आठवड्यातला एकच दिवस, म्हणजे सहा दिवसांची कामं. सकाळी कूलरमध्ये पाणी भरत होते, एका हातात पाइप. मामंजी मागं उभे. सांगितलंस का त्याला? सांगते. आत्ता सांग, तो वरचा बसवून मोकळा होईल. मी दुसऱ्या हातात फोन घेतला. ते कानाशी म्हणत होते, "खाली, खाली म्हणावं, खालचा," आणि मी अंगठ्यानं लिहिलं: "भैया, खाली सेंसर बदलना है." पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: "हओ मैडम. खाली सेंसर ही बदलेंगे, और कुछ नहीं." मी ते मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरोबर. मीही मनात म्हटलं, बरोबर. कूलर तेवढ्यात भरून वाहायला लागला होता.

पुढचे चार दिवस गाडी न कुरकुरता चालली. त्या आठवड्यात धुळीची वादळं येत होती, आभाळ भरून यायचं, ऊन तितकं नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं नाही. मी चारला घरी येत होते, आणि चारला घरी येणारा माणूस हवेचा विचार करत नाही.

पाचव्या दिवशी ऊन परत आलं आणि गाडी सकाळीच बंद पडली. साडेसात झाले होते, दवाखाना गाडीनं वीस मिनिटांवर. काटा पुन्हा शून्यावर. मी पायी निघाले, मग एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढले, आणि सव्वानऊला खिडकी उघडली. रांगेतली एक म्हातारी निघून गेली होती. तिला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायच्या होत्या. बाराला शिपायानं डॉक्टरांचा कागद आणून दिला: उशिरा येण्याबद्दल लेखी खुलासा करावा.

मी औषधांच्या रॅकमागं जाऊन वन्संना फोन केला. म्हटलं, तिकीट काढा. खालचा सेन्सर बदलला तरी गाडी बंद पडली. म्हणजे मेकॅनिकला कळत नाही आणि मामंजींनाही कळत नाही, आणि मी त्यांच्या सांगण्यावर आठवडा घालवला. वन्सं म्हणाल्या, मी तुला दोष देत नाही गं. नऊ दिवसांनंतरचं तिकीट मिळालं. आदल्या दिवशी त्या स्वतः न्यायला येणार होत्या. त्याच दुपारी मी गरौठ्यात बियाण्यांच्या दुकानावरची एक खोली बघून आले. पंखा होता, पाणी सकाळ-संध्याकाळ. दुकानापासून दवाखाना चालत वीस मिनिटं.

मला त्या खोलीत बरं वाटलं, हे लिहायलाच हवं. रिकामी खाट होती, तिच्यावर बसले आणि मनात आलं, आता पहाटे चारला नाही, सातला उठायचं. मालक पाण्याचं सांगत होता आणि मला बसल्या जागी डुलकी येत होती.

घरी येऊन मामंजींना सरळ सांगितलं. मला अशा गोष्टी गोलगोल सांगता येत नाहीत.

"खालचा बदलला. आज पुन्हा बंद पडली. आता माझ्यानं होत नाही. वन्सं येताहेत तुम्हाला न्यायला."

"खालचा बदलला?"

"बदलला."

"काटा?"

"शून्यावर."

त्यांनी पेपरची घडी घातली. मला वाटलं, विसरले. मग म्हणाले, "असं होणार नाही." आपल्या हातांकडे बघत होते. "आणि होत असेल, तर मग मला आता कळत नाही. मग जातो मी. कळत नसलेल्या माणसानं इथं राहून तुला खोळंबा कशाला?"

त्यांनी वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं. मी पोळ्या करायला उठले. दुसऱ्या दिवशी बाईनं फोनवर सांगितलं, की बाबूजींनी कपाटातून कपडे काढून स्वतःच बॅगेत भरलेत, आणि सकाळपासून पेपर उघडलेला नाही.

गाडी दोराला बांधून गॅरेजला पोचली होती. रविवारी मी गेले ती गाडी विकायला ठेवावी का हे विचारायला. खोली घेतल्यावर गाडीचं काम नव्हतं. गेल्या रविवारी मेकॅनिकनं काढलेला जुना पार्ट कागदात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलेला होता. प्रामाणिक माणूस, जुनं काढलेलं नेहमी परत देतो. मी तो उघडून बघितला. बोटाएवढा काळा तुकडा, टोकाला थोडं तेल. अगदी स्वच्छ.

"नीचे इतनी मिट्टी रहती है," मी म्हटलं, "फिर भी ये इतना साफ़?"

"ये नीचे का थोड़े है मैडम. ये तो ऊपर वाला है."

"नीचे वाला कहाँ है?"

"गाड़ी में."

म्हटलं, मी तुम्हाला लिहिलं होतं. तो म्हणाला, लिहिलं होतं तेच केलं. त्यानं फोन काढला आणि माझाच मजकूर माझ्यापुढं धरला. "खाली सेंसर बदलना है." त्यानं तो मोठ्यानं वाचला तेव्हा मला पहिल्यांदा तो हिंदीत ऐकू आला. खाली म्हणजे फक्त. नुसता सेन्सर बदला, बाकी हात लावू नका. गिऱ्हाईकं असं रोज सांगतात, नाहीतर मेकॅनिक चार कामं जास्त काढतात, आणि त्यानंही मला तसाच दिलासा दिला होता: खाली सेन्सरच बदलू, आणखी काही नाही. वरचा मागवलेला होता, वरचा बसवला.

माझा जन्मही याच गावातला. हिंदीतला खाली मला कळत नाही असं नाही. कधी फक्त, कधी रिकामं; खाली खुर्ची, खाली शीशी मी रोज म्हणते. पण त्या सकाळी कानाशी मामंजींचं मराठी चाललं होतं, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून माझ्या अंगठ्यात तसाच उतरला. त्याचं उत्तरही मी त्याच कानानं वाचलं.

"मराठी में खाली माने नीचे," मी म्हटलं.

तो हसायला लागला. "तो मैडम, आपने मराठी में भेजा और हमने हिंदी में खोल दिया."

मला हसू आलं नाही. म्हटलं, आत्ताच्या आत्ता खालचा काढा. तो गाडीखाली गेला, बराच वेळ शिव्या ऐकू आल्या, आणि चिखल आणि तेलानं लडबडलेला तुकडा घेऊन बाहेर आला. त्याच्या मीटरवर त्याचा आकडा ठीक दाखवत होता. म्हणाला, चांगला आहे की. मी म्हटलं, थंड आहे म्हणून. तापवून बघा. हे मी मामंजींच्या भरवशावर म्हणत होते, दोन दिवसांपूर्वी ज्यांना कळत नाही असं मी फोनवर सांगितलं होतं. त्यानं शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आणवलं आणि तारा वर धरून तो तुकडा ग्लासात सोडला. मीटरवरचा आकडा काही वेळ तसाच राहिला. मग एकदम गेला. पाण्यातून काढून वाऱ्यावर धरला, पाच-सात मिनिटांनी आकडा परत आला. पुन्हा बुडवला, पुन्हा गेला. मेकॅनिकनं मीटर खाली ठेवला आणि विचारलं, "ये बताया किसने था?"

"ससुर जी ने."

"कहाँ के मिस्त्री हैं?"

मी सांगितलं. नवा खालचा गावातच मिळाला, तो बसवून मेकॅनिक म्हणाला, या पार्टचे पैसे घेणार नाही. मी दिले. चूक त्याची नव्हती.

घरी आले तेव्हा मामंजी खिडकीशी बसले होते, पेपर घडी घातलेलाच. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सगळं क्रमानं सांगितलं. खाली या शब्दाचं सांगितलं, ग्लासातल्या पाण्याचं सांगितलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, की दुसऱ्यांदा बुडवल्यावरही आकडा गेला का? मी म्हटलं, हो, दोन्ही वेळा.

"म्हणजे मला कळत होतं."

"होतं."

"चूक कुणाची?"

"माझी."

त्यांनी पेपर उघडला. मग म्हणाले, "इतकी वर्षं झाशीत राहतेस. जरा हिंदी शिक." आणि आत बाईला मराठीत सांगितलं, की चहा टाक. बाईनं मला विचारलं, काय म्हणताहेत? मी सांगितलं.

जायचंय की राहायचंय, हे मी त्यांना विचारलं. आधी विचारायला हवं होतं, पण तेव्हा ते राहायचंय म्हणाले असते तर करण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. ते म्हणाले, राहायचंय. तुला जमत असेल तर. मी जमेल म्हटलं नाही. चारला येईन, एवढं म्हटलं.

वन्संना फोन लावला. त्या चिडल्या, आणि मला ते अपेक्षित होतं. त्यांनी रजा टाकलेली होती, खोली आवरलेली होती. "एका बोटाएवढ्या तुकड्यावरून बाबांचं ठरवायचं का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्यापुढं प्रश्न तेवढाच होता. चारला घरी पोचते की नाही. आता पोचेन. त्या म्हणाल्या, आणि पुढच्या महिन्यात दुसरं काही बिघडलं तर? मी म्हटलं, तर बघू. मग त्यांचा आवाज खाली आला आणि त्यांनी विचारलं, की तू किती दिवस असं पाचला निघणार आहेस? तुझं वय काय आता?

गरौठ्यातली ती खाट माझ्या डोळ्यांसमोर आली. ते वन्संना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तिकीट ठेवलं असतं, आणि कदाचित मीही ठेवू दिलं असतं. म्हटलं, मला कणीक मळायची आहे, नंतर बोलू.

त्यांनी तिकीट रद्द केलं. मी खोलीच्या मालकाला नको म्हणून कळवलं आणि डॉक्टरांना चार ओळींचा खुलासा लिहिला: वाहनात बिघाड झाला होता, तो दूर केला आहे. आत मामंजी बॅगेतले कपडे कपाटात परत लावत होते, उलटे, चुरगळलेले, सदऱ्यांत धोतर कोंबून. मी दारातून बघितलं आणि नीट लावायला गेले नाही. सकाळी निघायचं होतं.